डायरीतलं एकच नाव

माझ्या सख्ख्या आत्याला मी ती जिवंत असताना मृत ठरवलं. रागाने नाही, भांडणातून नाही. पांढुर्ण्याच्या आमच्या घरात, नाताळाच्या सुट्टीत, पुढच्या खोलीत चहा पीत नातेवाइकांच्या नंबरांची साफसफाई करत होतो, तेव्हा तिच्या नावापुढे दोन अक्षरांचा शेरा टाकला आणि पुढच्या नावाकडे वळलो. पुढे जे झालं ते त्या दोन अक्षरांनी केलं असं म्हणून मला सुटता येणार नाही. अक्षरं माझ्या बोटांची होती, आणि ज्या तोऱ्यात ती लिहिली तो तोराही माझाच होता.

त्या तोऱ्याबद्दल आधी सांगतो. मी सरकारी शाळेत मास्तर आहे. आम्हा मास्तरांना मतदार यादीचं काम असतं. हातात छापील याद्या घेऊन घरोघरी जायचं, माणूस आहे का विचारायचं, नसला तर शेरा टाकायचा: मृत, स्थलांतरित, दुबार. बाकीचे शिक्षक या कामाला कंटाळतात. मला ते आवडायचं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलांना बेरीज शिकवून जे समाधान मिळत नाही ते मला एका रेघेत मिळायचं. नाव खोडलं की यादी स्वच्छ दिसते. त्या वर्षी यादीचं काम नुकतंच संपलं होतं आणि हात शिवशिवत होते. घरचे नातेवाईक तेवढे उरले होते.

आमच्या नातेवाइकांबद्दल मला तुच्छता होती. शब्द सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही, तुच्छताच. या लोकांना एकमेकांची नावं माहीत नसतात. एखाद्याला विचारावं, तुमच्या साडूचं नाव काय, तर तो म्हणणार लोधीखेडेवाले. गाव नाही विचारलं, नाव विचारलं, असं म्हटलं की तो गोंधळतो, बायकोला हाक मारतो, बायको तिच्या आईला फोन लावते, आणि पंधरा मिनिटांनी कळतं की त्यांना सगळे लोधीखेडेवालेच म्हणतात. बायकांचं तर आणखी अवघड. तिगावला दिलेली मुलगी आमच्यात तिगाववाली, आणि तिगावात तीच बाई पांढुर्णावाली. एक बाई, दोन गावं, नाव कुठेच नाही. असल्या माणसांची यादी करायची म्हणजे धुक्याची यादी करायची.

त्यांचे फोन पाहिले तर आणखी चीड यायची. ‘मोटरवाला नवा’, ‘मोटरवाला नवा २’, ‘घर’, ‘घर जुना’, ‘उचलत नाही’. एकेका माणसाचे तीन नंबर आणि तिन्ही बंद. मात्र सकाळी साडेपाचला कुटुंबाच्या ग्रुपवर गुलाबाची फुलं आणि सुविचार न चुकता येणार. शेतात संत्र्याच्या एकेका झाडाचा हिशोब ज्यांना तोंडपाठ, त्यांना स्वतःच्या बहिणीची जन्मतारीख येत नाही.

मी ग्रुपवर लिहिलं की प्रत्येकाने पूर्ण नाव, नातं, पत्ता आणि चालू मोबाईल नंबर कळवावा. एकाने अंगठा पाठवला. एकाने रेशनकार्डाचा आडवा फोटो पाठवला, त्यात त्याचा स्वतःचा अंगठा नावावर आलेला. एकीने लिहिलं, आमचं तर तुमच्याकडे आहेच ना. सौंसरहून माझ्या आत्येभावाने लांबलचक आवाजी निरोप पाठवला. त्यात संत्र्याचा भाव होता, व्यापारी कसा फसवतो ते होतं, मागे ट्रॅक्टर चालू होता, आणि अगदी शेवटी त्याच्या आईचं पूर्ण नाव आणि तिचा नंबर होता. मी तो निरोप बायकोला ऐकवला आणि दोन दिवस त्याची नक्कल करत हसलो.

ही आत्या म्हणजे बाबांची एकुलती एक बहीण. बाबांपेक्षा लहान, पण तीही पंचाहत्तरीच्या पुढची. सौंसरला दिलेली, म्हणून आमच्या घराण्यात सौंसरवाली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलाजवळ राहते. तिच्याजवळ बटणांचा साधा मोबाईल आहे. दर रविवारी सकाळी नऊच्या सुमारास ती बाबांना एक मिसकॉल द्यायची. मग बाबा चष्मा लावायचे, उशीखालची डायरी काढायचे, बोट ठेवून एकेक आकडा दाबायचे आणि तिला फोन लावायचे. दोघांचं बोलणं काय, तर काहीच नाही. भाजी काय केली. गुडघा कसा आहे. थंडी तिकडे जास्त का इकडे. मधेच दोघं गप्प बसायचे आणि फोन तसाच चालू. मी पेपर वाचत तिथेच असायचो आणि मनात म्हणायचो, यांना बोलायला काही नाही तर फोन कशाला लावतात.

बाबांची ती डायरी एका कृषी केंद्राने कधीकाळी फुकट दिलेली होती. पहिल्या पानावर फवारणीच्या औषधाची जाहिरात. आत माणसं नव्हतीच, गावं होती. तिगाव, स्टेशनामागचा. लोधीखेडा, दुकानवाला. लोधीखेडा, थोरला. मी ती डायरी समोर ठेवून एकेक ओळ संगणकावरच्या शीटमध्ये उतरवत होतो. रकाने मी आखले होते: पूर्ण नाव, नातं, गाव, मोबाईल, शेरा. बाबा दारात उन्हाला बसून संत्रं सोलत होते. मी ओळ वाचायचो, ते नाव सांगायचे, किंवा आठवत नाही म्हणायचे. जे वारले होते त्यांच्यापुढे मी मृत लिहीत होतो. त्या पिढीतले पुष्कळ वारले होते.

एका पानावर गाव नव्हतं. नुसतं एक नाव होतं, बाईचं, जुन्या वळणाचं, आणि खाली नंबर. मी ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, “हे कोण?”

बाबा थोडं हसले. हातातली फोड तशीच राहिली. म्हणाले, “थे नाव आता नाई रायलं.”

आमच्याकडे माणूस वारला की ‘गेला’ म्हणतात, आणि ‘नाही राहिला’ही म्हणतात. हिंदीच्या शेजाराने आलेली ती बोलायची रीत आहे. मी अर्ध्या कानाने ऐकत होतो. नाव नाही राहिलं, ते म्हणाले. बाई नाही राहिली, मी ऐकलं. कोण होती, कधी गेली, एवढंही विचारलं नाही. मृत लिहिलं आणि पान उलटलं. बाबा पुढे काही सांगणार होते असं मला आता वाटतं. त्यांच्या चेहऱ्यावर तसं होतं. पण मी पुढच्या ओळीवरचं गाव वाचायला लागलो होतो.

शीट तयार झाली ती मी फोनमध्ये घेतली. फोनने सांगितलं की पुष्कळ नंबर दोनदा आले आहेत, ते एकत्र करू का. मतदार यादीत दुबार नाव दिसलं की मी घरी जाऊन खात्री करायचो. इथे मी सगळे एकत्र करा या बटणावर बोट ठेवलं. मग ज्यांच्यापुढे मृत शेरा होता ते सगळे निवडले आणि एकदम पुसले. यादी स्वच्छ झाली. त्या स्वच्छ यादीला मी कुटुंब असं लेबल लावलं, एका घराचा एकच नंबर, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा. फुलांचा ग्रुप बंद केला. आता निरोप माझ्याकडून साध्या एसएमएसने सगळ्यांना जाईल, उलट कुणाचं काही येणार नाही. मला ती व्यवस्था फार सुंदर वाटली होती.

बाबांकडे माझाच जुना फोन होता आणि त्यात माझंच खातं होतं. त्यामुळे इकडे जे साफ झालं ते तिकडेही आपोआप साफ झालं. मी डायरी त्यांच्या उशीखालून काढली आणि कपाटावर रद्दीत ठेवली. म्हटलं, बाबा, आता याची गरज नाही. आणि आणखी एक शिकवण दिली. ज्या फोनवर नाव दिसत नाही तो उचलायचा नाही. हल्ली लोक फसवतात, म्हाताऱ्या माणसांना तर आधी. बाबांनी मान हलवली. माझं सगळं ऐकायची त्यांना सवय लागली होती. ती सवय मीच लावली होती.

दोनतीन आठवड्यांनी ते फोन हातात घेऊन माझ्याजवळ आले. म्हणाले, “बाईचा नंबर दिसून नाई रायला यात.”

बाई म्हणजे बहीण. मी शाळेच्या कसल्यातरी माहितीत गुंतलो होतो. मी वर न पाहता म्हणालो, “सगळं अक्षरांप्रमाणे लावलेलं आहे. आडनावाने शोधा, सापडेल.”

मी घरात असंच बोलायचो. बाबा, आत्या, सगळे वऱ्हाडीत बोलायचे आणि मी त्यांना पुस्तकातल्या मराठीत उत्तर द्यायचो, जणू ते वर्गातली पोरं आहेत. बाबा थोडा वेळ उभे राहिले आणि परत गेले. एकदा विचारून उत्तर मिळालं नाही की ते दुसऱ्यांदा विचारत नसत. हे मला ठाऊक होतं.

रविवारी नऊला त्यांचा फोन वाजायचा. नुसते आकडे दिसायचे. बाबा माझ्याकडे पाहायचे. मी मान हलवायचो, नाही म्हणून. एक घंटी वाजून तो बंद व्हायचा. एकदा तो जरा जास्त वाजला तर मी उठून स्वतः कापला आणि बाबांना म्हणालो, पाहा, किती चिवट असतात हे लोक. त्यांना तो वार आणि ती वेळ ओळखीची वाटली असेल का, हे मला आता कळणार नाही. वाटली असेल तरी मास्तर मुलापुढे ते काय बोलणार होते.

फेब्रुवारीच्या शेवटी बाबा गेले. सकाळचा चहा झाला होता, दारात बसले होते, मान एका बाजूला झाली. डॉक्टर आले आणि लगेच गेले. बायको रडत होती, शेजारच्या बायका जमायला लागल्या होत्या. मी काय केलं असेल, तर खुर्चीवर बसलो, फोन काढला आणि निरोप लिहिला. शुद्धलेखन तपासलं. अंत्ययात्रा दुपारी तीन वाजता, असं लिहून कुटुंब या लेबलला पाठवून दिला. माणसं रडतात, मी काम उरकतो, असा एक अभिमानही त्या क्षणी मनात होता. वडिलांचा देह आत होता आणि मला माझ्या यादीचा अभिमान होता.

बायकोने बाहेर येऊन विचारलं, “सौंसरले फोन केला?”

“सगळ्यांना एकदम गेलेला आहे.”

“आत्याबाईले तरी तोंडानं सांगा. भाऊ गेला त्यांचा.”

मला राग आला. ज्या गोष्टीसाठी मी एवढी व्यवस्था केली, तीच हिला समजत नव्हती. मी म्हणालो की यादीत त्या आहेत, आणि नंबर त्यांच्या मुलानेच दिलेला आहे. शीटमध्ये त्या खरंच होत्या, सासरच्या पूर्ण नावाने. मी ती ओळ डोळ्यांसमोर आणू शकत होतो. फोनमध्ये त्या नव्हत्या, हे मी पाहिलं नाही. बायकोजवळ त्यांचा नंबर नव्हता. नंबर सांभाळायचं काम मी स्वतःकडे घेतलं होतं, घरातल्या बाकीच्यांना त्यातून मोकळं केलं होतं. जमलेल्या नातेवाइकांपैकीही कुणी आत्याला फोन लावला नाही. कुणी कशाला लावेल. सख्ख्या बहिणीला घरून पहिला फोन जातो, हे काय विचारायचं असतं.

दुपारी तीनला तयारी झाली. बाबांचे एक चुलतभाऊ, तिगावला असतात, ते तिरडीजवळ उभे होते. म्हणाले, सौंसरवाली येऊ दे, बहिणीच्या हातचं पाणी तोंडात पडू दे. आमच्याकडे बहिणीसाठी थांबतात. मी घड्याळ दाखवलं. निरोप नऊ वाजता गेला होता आणि सौंसर काही परमुलखात नाही. तरी पाऊण तास थांबलो. त्या पाऊण तासात माझ्या मनात काय होतं तेही सांगतो. मला वाटत होतं की आत्येभाऊ गाडी कुणाची फुकट मिळते ते शोधत असेल, किंवा संत्र्याचा सौदा अर्धवट सोडवत नसेल. बायकांमध्ये कुजबूज झाली, सख्ख्या भावाच्या मयतीला आली नाही म्हणून. मी ती ऐकली आणि गप्प राहिलो. मग आम्ही बाबांना उचललं.

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन बंद करायला म्हणून हातात घेतला. न उचललेल्या फोनांची यादी उघडली. एकच नंबर होता, खाली खाली जात होता. रविवार, नऊ. रविवार, नऊ वाजून दोन मिनिटं. रविवार. शेवटचा बाबा गेले त्याच्या आदल्या रविवारचा. मी स्टुलावर चढून कपाटावरची रद्दी खाली ओढली. डायरी मिळाली. गाव नसलेलं पान उघडलं. तोच नंबर. आत्येभावाने दिलेलाही हाच होता, म्हणून फोनने दोन्ही नावं एकत्र केली होती आणि मृत शेऱ्याबरोबर सासरचं नावही पुसलं गेलं होतं.

मी बायकोला बोलावून ते नाव दाखवलं आणि विचारलं, हे कुणाचं आहे.

ती माझ्याकडे पाहत राहिली. “आत्याबाईचं. माहेरचं. तुम्हाले माहीत नाई?”

मला माहीत नव्हतं. आत्याच्या लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि जुनं तिथेच संपलं, जसं आमच्या घराण्यातल्या प्रत्येक मुलीचं संपलं. ते नाव आता नाही राहिलं, असं बाबा म्हणाले होते ते याला. ज्या माणसाच्या डायरीत सगळं जग गावांच्या नावांनी लिहिलेलं होतं, त्याने एकाच व्यक्तीचं नाव लिहिलं होतं, आणि तेही कुणी हाक मारत नाही असं. गावाच्या नावांनी माणसं ओळखणाऱ्यांना मी आयुष्यभर हसलो. खरं नाव पुढे आलं तेव्हा मी त्यावर रेघ मारली.

बायकोला मी तेव्हा एवढंच म्हणालो की बाबांच्या डायरीत सापडलं. बाकी गिळलं.

तिसऱ्या दिवशी पहिल्या बसने आत्या आली. सौंसरच्या बाजारात पांढुर्ण्याचा एक माणूस तिच्या मुलाला भेटला होता आणि मामा गेले ना तुमचे, असं सहज बोलून गेला होता. ती दारात आली ती रडत नव्हती. बाबा जिथे बसायचे तिथे उन्हात उभी राहिली. पिशवीचा बंद दोन्ही हातांनी धरलेला. मी पुढे झालो. घरातली सगळी माणसं पाहत होती.

“मले कोनी आवाज नाई देल्ला?” एवढंच ती म्हणाली.

तिथे, त्या क्षणी, सांगता आलं असतं. डायरी कपाटात होती. मी म्हणालो, “फोन लावला होता आत्या. खूपदा लावला. लागलाच नाही.”

ज्या सफाईने मी ते बोललो ती आठवली की अजून तोंड कडू होतं. आत्येभाऊ मागे उभा होता. तो लगेच तिच्यावर चिडला. म्हणाला, चार्जच करत नाई तू त्याले, कितीदा सांगतलं. आत्याने पिशवीतून तो मोबाईल काढला, त्याच्याकडे पाहिलं, पदराने पुसला आणि परत ठेवला. मग आत जाऊन बाबांच्या रिकाम्या खाटेजवळ खाली बसली. दोष त्या बटणांच्या डब्याने घेतला, आणि त्याच्यामार्फत तिने घेतला. मी दोघांनाही घेऊ दिला.

तेरवीला ती पुन्हा आली तेव्हा मोबाईल पिशवीत नव्हता, हातात होता. जेवतानाही पानाच्या बाजूला ठेवलेला. सौंसरच्या दुकानात तिने तो तपासून घेतला होता, नवी बॅटरी टाकली होती. दुकानदाराने सांगितलं होतं की याला काहीच झालेलं नाही. तिचं समाधान झालं नव्हतं. तेरवीच्या पंगती उठल्यावर ती एकेकाला धरून म्हणायची, लावून पाह्य बरं याच्यावर. माझ्या बायकोने लावला, तिगाववाल्या काकांनी लावला, आत्येभावाने कंटाळून लावला. प्रत्येक वेळी तो तिच्या हातात वाजायचा आणि ती त्याच्याकडे बघत राहायची.

“आता तं वाजते,” ती म्हणायची.

जायच्या आधी ती माझ्या बायकोजवळ बोलली. मी रविवारी मिसकॉल देत होती, भाऊ फोन करत नव्हता. माह्यावर रुसला होता काय तो, कशावरून रुसला, मले तं काही आठवून नाई रायलं. बायकोने ते रात्रीच्या जेवणाला मला सांगितलं आणि म्हणाली, बाबा असे रुसणारे नव्हते. मी म्हटलं, म्हातारपणी होतं. म्हणजे आधी मी आत्यावर खोटं टाकलं होतं, आता मेलेल्या बापावरही टाकलं.

पुढचे दोन महिने मी स्वतःशी जी वकिली केली ती कुठल्या कोर्टात चालली नसती. आता सांगून तिला त्रासच होईल. झालं ते परत येणार नाही. तिचं वय झालं, विसरेल. एखादा विद्यार्थी अशी कारणं घेऊन माझ्यापुढे उभा राहिला असता तर मी त्याला वर्गाबाहेर काढला असता. शाळेत जात होतो, शुद्धलेखन तपासत होतो, आणि आत्याचा नंबर मी पुन्हा फोनमध्ये टाकला नाही. टाकायचा तर नाव काय लिहायचं, हा प्रश्न होता. आणि तिथे ते नाव रोज दिसलं असतं.

वैशाखातल्या एका रविवारी मी पेपर वाचत होतो आणि माझा फोन वाजला. नुसते आकडे. घड्याळात नऊ वाजून गेले होते. आकडे मला आता पाठ होते. तरी मी फोनकडे पाहत बसलो. एक घंटी, दोन, तीन. मी उचलला नाही असं लिहिलं तर ते पुरतं खोटं होणार नाही, कारण उचलला तो पार शेवटच्या घंटीला.

“लागला काय?” पलीकडून आत्या म्हणाली.

“हो आत्या. काय झालं?”

“काही नाई. पाहून रायली होती, लागते का नाई. लागते म्हनायचा.” आणि तिने ठेवून दिला.

मी डायरी घेतली आणि मोटारसायकल काढली. बायकोने कुठे म्हणून विचारलं. तिला आधी सांगितलं, दारातच, सगळं. तिने माझ्या हातातली डायरी घेतली, ते पान मुडपून खूण केली आणि परत दिली.

सौंसरला पोहोचलो तेव्हा आत्या ओसरीवर गहू निवडत होती. आत्येभाऊ बाजारात गेला होता. मोबाईल सुपाजवळ पालथा ठेवलेला. मला अचानक पाहून ती घाबरली, घरात कुणाला काही झालं का म्हणाली. मी नाही म्हटलं. ती पाणी आणायला उठायला लागली, मी तिला बसवलं आणि खाली तिच्यासमोर बसलो. डायरी उघडून तिच्यापुढे धरली. तिला वाचता येतं, हळूहळू, बोट फिरवून. तिने बोट फिरवलं. मग पुन्हा सुरुवातीपासून फिरवलं.

“हे कोनं लिहिलं?”

“बाबांनी.”

“या नावानं कोनी बोलावत नाई आता मले.” तिने पान जवळ घेतलं, खालचा नंबर पाहिला. “तोच एक बोलावे. फोनवर. कोनी जवळ नसलं तं.” मग ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, “मंग इतका लिहून ठेवला, तं लावला काहून नाई त्यानं?”

माझ्याजवळ रस्ताभर जुळवलेली चार नीट वाक्यं होती, शाळेच्या भाषेत. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

“बाबा रुसले नव्हते आत्या. थे तुह्या फोनची वाट पाहत होते, पन नंबर म्याच पुसला त्याईच्या फोनातून. ह्या नावापुढं म्या मयत म्हनून लिहिलं, कोनाचं नाव आहे थे न विचारता. तू रविवारी फोन करे तवा उचलू नका म्हनून म्याच सांगतलं, एकदा तं म्या कापला. बाबा गेले त्या दिवशी तुले फोन लावलाच नव्हता म्या. लागला नाई म्हनलं थे खोटं होतं. तुह्या मोबाईलले काही झालं नव्हतं, आन् तुही काही चूक नव्हती. तुह्या भावाचं तोंड तुले म्या पाहू नाई देल्लं. मले माफ कर.”